पनवेलकर, धोडपकर की ठाकरे? ज्यांनी शिवसेनेला नाव दिलं त्या प्रबोधनकारांची गोष्ट

लोणावळ्याहून राजमाचीला पायी जायचं तर वाट तुंगार्लीवरून जाते. जुनं गावठाण, तलाव आणि त्यांच्या आजूबाजूला मुंबई-पुण्याच्या लोकांचे बंगले. बंगल्याचा मालक एका शहरातला, राखणदार दुसऱ्याच राज्यातला आणि जमीन मुळात तिसऱ्याच कुणाची तरी. अशा ठिकाणी नगरपरिषदेची निवडणूक लागली की स्थानिक कोण आणि बाहेरचा कोण, हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर तो निवडणूक नसतानाही निघतो. खरं तर लोणावळा हे शहरच बाहेरून आलेल्या लोकांनी वाढवलेलं. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. ती बांधायला हजारो मजूर कुठून कुठून आले, त्यांच्या मागोमाग दुकानदार आले, आणि ज्या चिक्कीवर आज गावाचं नाव चालतं तो धंदाही बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांनीच मोठा केला.

तुंगार्ली ज्या मावळ लोकसभा मतदारसंघात येते, त्याच मतदारसंघात घाटाखालचं पनवेलही येतं. २००९ मध्ये या मतदारसंघाची पहिली निवडणूक झाली, तेव्हापासून इथे शिवसेना नावाच्याच पक्षाचा खासदार आहे. २०२४ ला तर दोन्ही बाजूंनी दोन शिवसेना लढल्या. आता योगायोग बघा. त्या पक्षाला शिवसेना हे नाव ज्यांनी दिलं, ते केशव सीताराम ठाकरे जन्मले याच पनवेलमध्ये, १७ सप्टेंबर १८८५ रोजी.

प्रबोधनकार ठाकरे म्हटलं की आज दोन वेगवेगळी माणसं डोळ्यांपुढे येतात. पुरोगामी मंडळींना भिक्षुकशाहीवर आसूड ओढणारा, शाहू महाराजांच्या विश्वासातला सुधारक दिसतो. शिवसैनिकांना साहेबांचे वडील दिसतात. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचे प्रबोधनकार तेवढे शेअर करतात. माणूस मात्र एकच होता, आणि त्याला सबंध समजून घ्यायचं तर सुरुवात आडनावापासून करावी लागते.

आडनाव जे गावागणिक बदललं

घराण्यातला एक पूर्वज मराठेशाहीत नाशिककडच्या धोडप किल्ल्याचा किल्लेदार होता, असं प्रबोधनकारांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय. त्यावरून आडनाव झालं धोडपकर. पणजोबा रायगडमधल्या पालीला राहिले. आजोबा पनवेलला आले. मग वडील सीताराम झाले पनवेलकर. मुलाला शाळेत घालताना मात्र वडिलांनी जुनं मूळ आडनाव म्हणून ठाकरे असं लिहवलं. पुढे केशवरावांनी त्याचं इंग्रजी स्पेलिंग विल्यम मेकपीस थॅकरे या कादंबरीकारासारखं केलं. तो लेखक त्यांचा आवडता, आणि जन्मलाही होता कोलकात्यात. म्हणजे मराठी अस्मितेच्या राजकारणातलं सगळ्यात मोठं आडनाव इंग्रजीत लिहिलं जातं ते एका इंग्रज लेखकाच्या धाटणीनं.

१९०२ च्या प्लेगात वडील गेले. केशव तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. शिक्षण पनवेल, कल्याण, बारामती, मुंबई असं तुकड्यातुकड्यांत झालं. काही काळ तर ते मध्य भारतातल्या देवास संस्थानात शिकायला होते, म्हणजे मुंबई इलाख्याच्या बाहेर. तिथे ते परप्रांतीयच. पोटासाठी नंतर त्यांनी पाट्या रंगवल्या, फोटो काढले, नाटक कंपनीत राहिले, सरकारी बांधकाम खात्यात नोकरी केली. एका जागी स्थिर राहिलेला हा माणूस नव्हे. पुढे ते दादरचे झाले, पण दादरचे होण्याआधी ते बऱ्याच गावांचे होते.

गाढवांची वरात

त्यांची लेखणी गाजली ती वादामुळे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंबद्दल लिहिलेल्या मजकुरानं ते चिडले आणि १९१८ मध्ये त्यांनी ‘कोदंडाचा टणत्कार’ हे उत्तर छापलं. पाठोपाठ ‘ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास’ लिहिला. ग्रामण्य म्हणजे एखाद्या जातीला कमी लेखून तिला वाळीत टाकण्याचा गावगाडा. कोण आतला आणि कोण बाहेरचा हे ठरवायचा हक्क एका वर्गाच्या हातात गेला की काय होतं, हा त्या पुस्तकाचा विषय. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१६ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांनी ‘प्रबोधन’ हे पाक्षिक सुरू केलं. प्रबोधनकार ही उपाधी तिथली. मुंबई, सातारा, पुणे असा या पत्राचा बिऱ्हाडासारखा प्रवास झाला आणि अडखळत अडखळत ते १९३० पर्यंत चाललं. देवळांचा बाजार, भिक्षुकशाही, बालविवाह, हुंडा, विधवांचे हाल, सगळ्यांवर त्यांनी हल्ला चढवला. भाषा शिवराळ म्हणावी इतकी सडेतोड. नुसतं लिहून ते थांबत नसत. हुंडा घेणाऱ्या नवरदेवाची खोड मोडायला त्यांनी आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी गाढवांची वरात काढली. त्या काळात ही भलतीच हिंमत होती. आज असा व्हिडिओ आला असता तर दोन तासांत सगळीकडे फिरला असता.

१९२६ ची गोष्ट तर प्रत्येकानं वाचावी अशी. दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांनाही पूजेचा अधिकार हवा, म्हणून प्रबोधनकार, रावबहादूर सी. के. बोले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर एकत्र उभे राहिले. मोठा तणाव झाला. उत्सव सार्वजनिक आहे तर तो सगळ्यांचा, इतका साधा मुद्दा होता. त्या वादानंतर दादरमध्ये सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू झाला. त्याच वर्षी २३ जानेवारीला पुण्यात त्यांना मुलगा झाला होता. त्याचं नाव बाळ.

या काळातले प्रबोधनकार काय करत होते ते नीट पाहिलं पाहिजे. ते माणसांना चिमटे काढत होते, नावं घेऊन टवाळी करत होते, गर्दी जमवत होते, प्रतीकं वापरत होते. ‘वक्तृत्वशास्त्र’ नावाचं पुस्तकच त्यांनी लिहिलं होतं. सभा कशी जिंकायची, शब्द कुठे तोडायचा, श्रोत्यांच्या मनाचा ठाव कसा घ्यायचा, हे ते शास्त्र म्हणून शिकले आणि शिकवत होते. त्यांचा नेम तेव्हा वरच्या दिशेला होता. ज्यांच्याकडे धर्माची सत्ता आहे, पैसा आहे, समाजात मान आहे, त्यांच्यावर.

लढा जिंकला, पण नोकरी?

१९५५ नंतर संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला. प्रबोधनकार सत्तरीत होते, तरी आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, एस. एम. जोशी, सेनापती बापट यांच्या बरोबरीनं ते या आंदोलनाचे पुढारी झाले. शंभरहून जास्त माणसांनी प्राण दिले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. या लढ्याचा राग होता दिल्लीवर आणि मुंबई आपल्याच हातात ठेवू पाहणाऱ्या भांडवलदारांवर.

राज्य मिळालं. मग मराठी तरुण कामधंद्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि त्याला दिसलं की मुंबईत आपलं फार चालत नाही. १९६१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या साडेएक्केचाळीस लाखांच्या आसपास होती, आणि त्यात मराठी मातृभाषा असलेले होते सुमारे ४३ टक्के. स्वतःच्या राजधानीत निम्म्याहूनही कमी. गिरणीत, गोदीत मराठी माणूस भरपूर, पण कारखानदार, व्यापारी, मोठा अधिकारी म्हटलं की मराठी नावं शोधावी लागत. ही तक्रार खोटी नव्हती, आणि तिला कुणी खोटं म्हटलं की ती आणखी तापायची.

१३ ऑगस्ट १९६० रोजी बाळ ठाकरे आणि त्यांचे भाऊ श्रीकांत यांनी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक काढलं. नाव सुचवलं वडिलांनी. प्रकाशन केलं मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी. सुरुवातीला ते हसवणारं साप्ताहिक होतं. हळूहळू त्यात याद्या येऊ लागल्या. अमुक कंपनीत, अमुक कचेरीत अधिकारी कोण, त्यांची नावं. एकाखाली एक, बहुतेक दाक्षिणात्य. वर मथळा असा की वाचा आणि थंड बसा. टोमणा वाचकाला होता. पुढे तोच मथळा वाचकाला उठायला सांगू लागला.

इथे जरा थांबू या, कारण सगळी मेख या यादीत आहे.

यादीला युक्तिवाद लागत नाही. आडनाव छापलं की काम झालं. त्या माणसानं परीक्षा दिली का, किती वर्षं नोकरी केली, त्याच्या जागी अर्ज कुणी केला होता, यातलं काहीही यादीत येत नाही. शिवाय यादीत कुणाला घ्यायचं आणि कुणाला गाळायचं हे छापणाराच ठरवतो. आडनावावरून भाषा ओळखायची म्हटली तर राव, पै, कामत, नायक यांचं काय करायचं? आणि नेमणूक करणारा मालक, त्याचं नाव त्या रकान्यात कधी फारसं दिसलं नाही. दिसायचा तो कारकून, स्टेनो, फार तर मधला साहेब.

दाक्षिणात्यच का, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम बोलणारे सगळे मिळून तेव्हा मुंबईत दहा टक्क्यांच्या आत होते. गुजराती बोलणारे त्यांच्या जवळपास दुप्पट. उत्तर सोपं आहे आणि थोडं बोचरंही. दादर-गिरगावातल्या मॅट्रिक झालेल्या मुलाला कापड गिरणीचा मालक व्हायचं नव्हतं, त्याला टायपिस्टची नोकरी हवी होती. त्या नोकरीच्या रांगेत त्याच्या शेजारी उभा असायचा मद्रासकडून आलेला, इंग्रजी आणि शॉर्टहँड पक्कं असलेला मुलगा. भांडण होतं शेजाऱ्याशी. त्यात या शेजाऱ्याकडे ना कारखाना होता, ना वर्तमानपत्र, ना निवडणुकीला पुरवायला पैसा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात वर रोखलेलं बोट पाच-सहा वर्षांत बाजूच्या बाकावर वळलं.

आणि तमिळ, मल्याळी, कन्नड सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरला जाई, मद्रासी. त्यांच्या लुंगीवरून केलेली ती यमकाची घोषणा तुम्ही ऐकली असेल. ती पुन्हा इथे लिहायची गरज नाही. घोषणा हसवते म्हणून टिकते, आणि ज्याच्यावर ती आहे त्याच्या पोराला शाळेत ती ऐकावी लागते.

नारळ फुटला

१९ जून १९६६ रोजी दादरच्या ठाकरे कुटुंबाच्या घरी, मोजक्या लोकांच्या साक्षीनं, नारळ फोडून संघटना सुरू झाली. नाव काय ठेवायचं यावर फार काथ्याकूट झाली नाही. शिवाजी महाराजांची सेना म्हणून शिवसेना, असं प्रबोधनकारांनी सुचवलं.

३० ऑक्टोबर १९६६ ला शिवाजी पार्कवर पहिला मेळावा झाला. गर्दी किती जमेल याची आयोजकांनाच धाकधूक होती, पण मैदान भरलं. ८१ वर्षांचे प्रबोधनकार व्यासपीठावर होते. आजवर हा बाळ ठाकऱ्यांचा होता, यापुढे तो महाराष्ट्राला दिला, अशा अर्थाचं ते बोलले. सभा सुटल्यावर घरी परतणाऱ्या गर्दीतल्या काहींनी दादर भागातल्या उडुपी हॉटेलांवर दगड मारले. म्हणजे यादीपासून दगडापर्यंतचं अंतर पहिल्याच दिवशी कापलं गेलं. त्या हॉटेलात इडली वाढणाऱ्यानं कुणाची कारकुनी पळवली होती, हे कुणी विचारलं नाही.

पुढची वर्षं भरभर सांगतो. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत ईशान्य मुंबईतून व्ही. के. कृष्ण मेनन अपक्ष उभे होते. शिवसेनेनं ते केरळचे आणि डाव्या विचारांचे या दोन्ही कारणांनी त्यांच्याविरुद्ध रान उठवलं आणि काँग्रेसचे स. गो. बर्वे निवडून आले. त्याच वर्षी ठाण्याच्या नगरपालिकेत शिवसेनेला पहिली सत्ता मिळाली. डिसेंबरात परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या कम्युनिस्टांच्या कार्यालयावर हल्ला झाला. १९६८ ला मुंबई महापालिकेत ४२ नगरसेवक आले. फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावरून मुंबई अनेक दिवस पेटली, पन्नासच्या वर माणसं मेली, बाळासाहेबांना अटक झाली. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्या जागेवरच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक जिंकले, शिवसेनेचे पहिले आमदार म्हणून.

या काळात काँग्रेसच्या राज्यकर्त्यांनी शिवसेनेकडे काणाडोळा केला, कारण कामगारांतली लाल बावट्याची ताकद त्यामुळे परस्पर कमी होत होती, असं तेव्हाही उघड बोललं जायचं. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या नावावरून विरोधक या पक्षाला वसंतसेना म्हणत. मराठी कारकून आणि मल्याळी कारकून भांडत असताना गिरणीमालकाला कोण विचारतो?

कायद्याचं बोलायचं तर भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ नं प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचा, राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क दिलाय. अनुच्छेद १६ नुसार केवळ जन्मस्थानावरून सरकारी नोकरी नाकारता येत नाही. रहिवासाची अट घालायची झाली तर तो अधिकार संसदेचा. म्हणून व्यवहारात जे चाललं ते वेगळंच होतं. १९७० च्या दशकात स्थानीय लोकाधिकार समित्यांनी बँका, विमा कंपन्या, एअर इंडिया अशा ठिकाणी भरतीसाठी दबाव आणला, मराठी मुलांकडून परीक्षांची तयारी करून घेतली. अनेक घरांत त्यामुळे पहिला पगार आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझ्या मते त्या नोकऱ्या मिळायला अर्जाची, परीक्षेची माहिती आणि थोडा आत्मविश्वास पुरेसा होता. इडलीवाल्याच्या काचा फोडल्यानं त्यातली एकही वाढली नाही.

मग वडिलांना काय वाटत होतं?

प्रबोधनकार या सगळ्यातून बाजूला होते असं म्हणायचा मोह पुरोगाम्यांना होतो. तो पुराव्याला धरून नाही. नाव त्यांचं, पहिल्या सभेत आशीर्वाद त्यांचा, आणि ‘मार्मिक’मध्ये म्हातारपणीही ते लिहीत होते. मराठी माणसावर अन्याय होतोय हे त्यांना मनापासून पटलेलं होतं. तरुणपणी भटशाहीवर चालवलेलं हत्यार मुलाच्या हातात गेलं तेव्हा त्यांनी ते काढून घेतलं नाही.

पण उलट बाजूनं, त्यांचं सगळं आयुष्य शेवटच्या सात वर्षांत कोंबणंही बरोबर नाही. संत गाडगेबाबांचं चरित्र त्यांनी लिहिलं, पंडिता रमाबाईंवर लिहिलं, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांसाठी लंडनला जाऊन भांडलेल्या रंगो बापूजींवर मोठा ग्रंथ लिहिला. रंगो बापूजी तर अनेक वर्षं परक्या देशात राहून न्याय मागत होते. हे सगळे विषय निवडणारा माणूस संकुचित होता असं म्हणवत नाही. मग आडनावांच्या यादीवर तो गप्प का राहिला? मला वाटतं, त्यांना ती यादी ग्रामण्यासारखी दिसलीच नाही. त्यांच्या नजरेत दुबळा होता मराठी तरुण, आणि दुबळ्याच्या बाजूनं बोलताना आवाज चढला तर चालतो, ही त्यांची जन्मभराची सवय. समोर उभा असलेला टायपिस्टही दुबळाच आहे, हे त्या सवयीत बसत नव्हतं.

२० नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईत प्रबोधनकार गेले. दोन महिनेही झाले नव्हते, तोच जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दलित पँथर आणि शिवसैनिकांमध्ये दंगल झाली. १९२६ साली बाबासाहेबांच्या शेजारी उभे राहिलेले प्रबोधनकार ज्या दादरमध्ये होते, तिथून वरळी अगदी जवळ.

पुढे मद्रासी हा शब्द मागे पडला, मग मुसलमान आले, मग २००८ ला उत्तर भारतीय. पक्ष फुटले, वेगवेगळ्या बाजूंनी वेगवेगळी माणसं बोलू लागली, पण वाक्यांची रचना तीच राहिली. नाव बदलायची जागा तेवढी रिकामी.

आणि मग सप्टेंबर २०१२ मध्ये एक गंमत झाली. बिहारी लोकांवरून वाद पेटलेला असताना काँग्रेसचे दिग्विजय सिंह यांनी सांगितलं की ठाकरे घराणंच मूळ बिहारचं. पुरावा म्हणून कोणतं पुस्तक पुढे आलं? प्रबोधनकारांचं ‘ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास’. कायस्थ प्रभूंचे पूर्वज फार प्राचीन काळी मगधातून निघाले आणि टप्प्याटप्प्यानं इकडे आले, अशी हकीकत त्यांनी त्यात दिलेली आहे. टीव्हीवर दोन दिवस आरडाओरडा झाला. ठाकऱ्यांकडून दावा फेटाळला गेला. पुस्तक आपल्याच आजोबांचं होतं, त्यामुळे ते मात्र फेटाळता येईना.

प्रबोधनकारांचं बरंचसं लेखन महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं पुन्हा छापलंय आणि इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. ग्रामण्याचं पुस्तकही त्यात आहे. भाषा शंभर वर्षांपूर्वीची आहे, पण पहिली वीस पानं गेली की सरावते.